उलट्या खाचा

हार्टविग : खरं सांग आत्या. सेंट निकोलाई चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांना सूर आजोबांनी लावलेलाच नाही ना?

ओटिलिए : आल्या आल्या हे काय? बूट काढ आधी. कॉफी ठेवू?

हार्टविग : विषय बदलू नकोस. आपल्या ऑर्गनच्या कारखान्याला शंभर वर्षं झाली म्हणून उद्या त्या ऑर्गनवर आजोबांच्या नावाची पाटी लागणार. आज पुसायला नळ्या उतरवल्या, तर एकूणएक नळीच्या तोंडातल्या खाचा उलट्या बाजूला कललेल्या!

ओटिलिए : कलल्या असतील. मीही कललेच की.

हार्टविग : मला बनवू नकोस. सूर लावताना त्या खाचा सुरीनं मारतात, सूर लावणाऱ्याची सहीच ती. आजोबा उजव्या हाताचे होते. हे काम डावखुऱ्याचं आहे.

ओटिलिए : मग?

हार्टविग : मग काय! तो ऑर्गन बनला तेव्हा या धंद्यात डावखुरा एकच, रेहबाईन. आपला वैरी! आजोबांनी त्याच्याकडून चोरून काम करून घेतलं आणि नाव आपलं लावलं.

ओटिलिए : रेहबाईन? तो ठोंब्या? त्याच्या नळ्या गायच्या नाहीत, खोकायच्या!

हार्टविग : बघ, कशी चिडलीस! काहीतरी लपवतेयस तू. तेव्हा तू कुठे होतीस?

ओटिलिए : घरीच. बाबांचा डबा पोचवायचे कारखान्यात.

हार्टविग : आई म्हणायची, ओटिलिए दुपारी डबा घेऊन जाते ती दिवेलागणीलाच उगवते. रेहबाईन आत काम करताना पहारा करत होतीस ना?

ओटिलिए : अरे गाढवा, धातू ठोकून ठोकून बाबांचे कान गेले होते. बारीक नळ्यांचा आवाज त्यांना ऐकूच यायचा नाही. आणि तुझ्या बापाला सूर काय नि शिंक काय, सगळं सारखंच.

हार्टविग : मग सूर लावला कुणी?

ओटिलिए : तो पाव सरकव इकडे. सुरीही दे.

हार्टविग : आत्या... तू डाव्या हातानं कापतेयस.

ओटिलिए : एकटी असले की कापते. शाळेत मास्तरांनी बोटं फोडली, तेव्हापासून चारचौघांत उजवा हात.

हार्टविग : आणि इतकी वर्षं गप्प बसलीस?

ओटिलिए : कारखान्याच्या दारावर ‘टॅनहोफ आणि मुलगे’ लिहिलंय. त्यात मुलगी कुठे कोंबणार होते? वाईट वाटायचं रे. दर रविवारी तो ऑर्गन वाजला की अजून वाटतं.

हार्टविग : पण आजोबांनी निदान घरात तरी सांगायचं! त्यांना काहीच वाटलं नाही?

ओटिलिए : मी सुरी हातात घेतली, की दाराला आतून कडी तेच लावायचे.