दोन किलो शिसं

नाही हो मॅडम, तिथे नका टेकू, सायलेन्सर आहे तो. आत्ताच ट्रॅकवरून आलीय ही गो-कार्ट, चांगलंच भाजेल. त्या टायरांच्या ढिगावर बसा. खुशाल बसा, पुसलेत मी. आणि माझे हात चालू राहिले तर चालेल ना? दोन कार्टांच्या चेन ढिल्या झाल्यात, संध्याकाळच्या गिऱ्हाइकांआधी कसायला हव्यात. हां, तर काय विचारत होतात — बहिणीबद्दल. बहिणीबद्दलच विचारणार, दुसरं काय! माझ्याकडे येणारं प्रत्येक माणूस तिच्याबद्दलच विचारतं. परवा तो गॅसचा सिलिंडर टाकायला आलेला, तोसुद्धा — ‘तुमची बहीण म्हणे आता मोठ्या गाड्यांत जाणार?’ म्हटलं, जाणार. सिलिंडर आत ठेवा.

तुम्ही ज्युनिअर फॉर्म्युलाच्या रेसिंग टीमकडून आलात, ते कळलं मला. टेस्ट झाली, वेळ झकास आली, सीट द्यायची तुमच्या मनात आहे, आणि घोडं अडलंय ते मागच्या वर्षीच्या फायनलवर. वजनाच्या भानगडीवर. फसवणारी मुलगी आम्हाला नको, असंच ना? बरोबर आहे तुमचं. सांगतो की. पण सुरुवातीपासून सांगतो — कारण सुरुवातीला ती नव्हतीच, मॅडम. सुरुवातीला मी होतो. हे कुणी छापत नाही. पेपरात काय येतं — ‘पाचव्या वर्षी कार्टात बसली’. बसली! माझ्या मांडीवर बसली होती. स्टिअरिंग माझ्या हातात, पेडलवर पाय माझे, आणि कौतुक तिचं.

आमचे बाबा गाड्या रंगवतात. कुणाचं तरी रंगकाम केलं, त्याच्या बदल्यात एक जुनी कार्ट घरी आली. माझ्यासाठी आली. मी नऊ वर्षांचा, बारकी पाच — बारकी म्हणजे तीच, घरी तिला नावाने कोण हाक मारतंय. तर मी चालवायला लागलो आणि, स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण बरा चालवत होतो. बरा काय, चांगला चालवत होतो. या ट्रॅकचा सगळ्यात वेगवान लॅप माझा होता, ऑफिसातल्या बोर्डावर चार वर्षं माझी वेळ लावलेली होती. जाऊन बघा — नको, आता तिची आहे. दोन दशांशांनी. दोन दशांश म्हणजे काय हो, डोळा लवतो तेवढं. पण बोर्डवाल्याला काय, खडू घेतला, पुसलं, लिहिलं.

मग मी वाढलो. चौदाव्या वर्षी माणूस वाढतो, मान्य, पण मी म्हणजे काय वाढलो! एका वर्षात बाबांच्या डोक्यावरून दिसायला लागलं मला. आणि हा खेळ वजनाचा. कार्ट आणि चालवणारा मिळून एकशे पंचेचाळीस किलो भरायला हवं, हा नियम. त्याच्याखाली गेलात तर बाद. वर गेलात तर कुणी बाद करत नाही, पण सरळ रस्त्यावर सगळे तुम्हाला टाटा करत पुढे जातात. मी नऊ किलो वर. रात्रीचं जेवण सोडलं, सकाळी पळायला लागलो, आई रडायची — वाढत्या अंगाचं पोर, उपाशी का मारताय त्याला. बाबा काही बोलायचे नाहीत. बाबांचं ते एक बरं आहे, काही बोलत नाहीत. एक दिवस शाळेतून आलो तर कार्टातली माझी सीट काढून भिंतीला टेकवून ठेवलेली आणि आत लहान मापाची बसवलेली. बस्स. आणि मला म्हणाले, ‘अरे, पेडलला तिचे पाय पुरत नाहीत, जरा लाकडाचे ठोकळे करून दे.’ दिले करून. काय करणार? छान गुळगुळीत घासून दिले, कोपरे गोल केले, तिला लागू नयेत म्हणून.

जळतो का मी तिच्यावर? तुम्ही विचारलं नाहीत, पण तोंडावर दिसतंय तुमच्या. जळतो की! न जळायला मी काय साधू आहे? ती तेराव्या वर्षी जिल्ह्याची फायनल जिंकली तेव्हा सगळ्यांत जोरात मीच ओरडलो, आणि घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून अर्धा तास बसलो. तिचा मेकॅनिक मी. इंजिन मी लावायचं, टायरची हवा मी बघायची, पावसाची चिन्हं मी ओळखायची, आणि कप घेऊन फोटो काढायचा तिने. बरं, बया फोटोत मला ओढते. ‘दादा, तूपण ये ना.’ तिथे उभा राहिलो की मी अजूनच उंच दिसतो. तुमच्याकडच्या त्या टेस्टचा व्हिडिओ पाठवला तिने मला, सात वेळा बघितला. तिसऱ्या वळणाला ब्रेक लवकर मारते. हे तुमच्या कुणाच्या लक्षात आलं? नाही आलं. मला आलं. कळवलं तिला, तर पुढच्या फेरीत सुधारलं आणि म्हणाली, ‘दादाने सांगितलं.’ सगळ्यांसमोर! असं वागणाऱ्या माणसावर नीट रागावताही येत नाही हो.

बरं, फायनल. तर बारकी म्हणजे मूठभर जीव, तिला वजन भरायला शिसं लागतं. शिशाच्या पट्ट्या असतात, सीटला मागून बोल्टने आवळायच्या. वीस किलो शिसं घेऊन धावते ती — बघा, मला नऊ किलो काढता येईनात आणि हिला वीस किलो विकत आणून लावावे लागतात, देवाचा न्याय! रेस संपली की कार्टाला कुणी हात लावायचा नाही, थेट काट्यावर. त्या दिवशी ती पहिली आली, काट्यावर चढली, आणि दीड किलो कमी. एक पट्टी गायब. निकाल रद्द, कप दुसऱ्याला. आणि ती पंचांना म्हणाली, ‘मी काढली. मला जिंकायचं होतं.’ झालं. कागदावर तेच आहे. आता तिने स्वतःच सांगितलं म्हटल्यावर मी काय बोलणार? जिंकायची हाव कुणाला नसते? पोरगी मोठी होत जाते तसं हवा जाते डोक्यात. तुम्हाला जे ठरवायचं ते ठरवा, मी आपला मेकॅनिक माणूस.

काय? सुटून पडली असेल? धक्क्याने बोल्ट ढिला होऊन? — मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून ऐकून घेतो. मी लावलेला बोल्ट सुटत नाही. सात वर्षांत एक सुटलेला नाही. खाली मोठा वॉशर, वर नट, नटावर दुसरा नट, आणि त्यावर रंगाचा ठिपका — हलला तर लगेच दिसतो. कुणालाही विचारा या ट्रॅकवर. माझ्या हातचं काम सुटून पडलं असं कुणी म्हणायचं नाही, ते मी ऐकून घेणार नाही. माझ्याकडे दुसरं आहे काय! आणि तिने काढायचं म्हटलं तरी तिला जमेल का ते? सीटखाली एकाने पाना धरायचा, वरून दुसऱ्याने फिरवायचं, तिचे हात चिमणीएवढे, पुरतच नाहीत एकटीला. माझे पुरतात. आणि वेळ कुठे होता तिला? सकाळी मी वजन केलं, बरोबर अर्धा किलो वर ठेवलं होतं, मी नेहमी तेवढंच ठेवतो. नंतर सगळ्या ड्रायव्हरांची मीटिंग, अर्धा तास, ती तिकडे बसलेली, बाबा पेट्रोल आणायला गेलेले, कार्टापाशी मी एकटाच —

काय लिहिताय?

नाही, लिहा. लिहा. आता कशाला थांबलात? दोन किलोची पट्टी. तेरा नंबरचा पाना, पाच मिनिटांचं काम. ठरवून गेलो नव्हतो, आईची शपथ. मीटिंगच्या तंबूतून टाळ्या ऐकू आल्या. त्याच्या आदल्या वर्षीची फायनल जिंकली म्हणून तिला उभं केलं होतं वाटतं, काही तरी बोलत होती ती, आणि सगळे हसले. बस्स, एवढंच. हसले. आणि माझ्या हातात पाना होता. मला वाटलं, एकदा, एकदाच तिला कळू दे की सगळं बरोबर करूनही काटा तुम्हाला नको म्हणतो तेव्हा कसं वाटतं. मला वाटलं होतं की ती रडेल. मी जवळ घेईन तिला. म्हणेन, जाऊ दे गं, होतं असं. खरंच मी हे सगळं ठरवून ठेवलं होतं, कसं जवळ घेणार ते.

पट्टी माझ्या खिशात होती, मॅडम. टाकायची कुठे, सगळीकडे माणसं. दोन किलो म्हणजे कमी नसतं, पँटचा खिसा गुडघ्यापर्यंत ओढला गेलेला. काट्यावरचा आकडा बघून ती माझ्याकडे वळली, आधी तोंडाकडे बघितलं, मग खिशाकडे. बघतच राहिली. पंच विचारतोय, मेकॅनिक कोण, शिसं कुणी लावलं — मेकॅनिकने केलं असं ठरलं की लायसन्स कायमचं गेलं, परत कुठल्याच कार्टाला हात लावायचा नाही. ड्रायव्हर लहान असेल तर एक रेस बाद, संपलं. हे तिला पाठ. हेल्मेट काढायलासुद्धा थांबली नाही. काचेच्या आतून म्हणाली, ‘मी काढली.’ घरी येताना गाडीत बाबा तिला बोलले. आयुष्यात पहिल्यांदा बाबा बोलले, आणि काय काय बोलले. तुझ्यामुळे तोंड दाखवायला जागा राहिली नाही म्हणाले. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी शेजारीच होतो. खिसा तसाच.

नंतर एक अवाक्षर काढलं नाही तिने त्याबद्दल. एक नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी, ‘दादा, चहा घेणार?’ अहो, भांडली असती तर किती बरं झालं असतं. थोबाडीत मारली असती तर मी सुटलो असतो. वर्ष झालं, मी तिचं लायसन्स हातात घेऊन फिरतोय — हो, माझं लायसन्स, पण तिने जपलेलं.

लिहिलंत ना? वजन मी कमी केलं, तिचा संबंध नाही. खाली सही देतो. लायसन्स जाईल, जाऊ दे, आहे काय त्यात, दुसऱ्या कुठल्या गॅरेजात चेन कसेन. फक्त तिला आधी विचारू नका, ती परत म्हणेल मीच काढली. आणि तिचं सगळ्यांना खरं वाटतं.

थांबा. एक विचारू? माझ्याकडे यायला तुम्हाला कुणी सांगितलं? बाबांनी नसणार, त्यांना काही ठाऊक नाही. ट्रॅकवाल्यांनी?

तिने?

काय म्हणाली ती, नेमकं सांगा. ‘दादाला विचारा.’ बरं. आणि? ‘तो सांगेल ते माझं उत्तर समजा.’ म्हणजे मी म्हटलं असतं की तिनेच काढली, तर — तर सीट गेली असती? आणि ते तिला कबूल होतं? सही करून दिलंय तिने तसं?

बघितलंत? बघितलंत ना! आयुष्यात एकदा — आत्ता, हे तुमच्यासमोर सांगताना — मला वाटलं की एकदा तरी मी तिच्या पुढे गेलो. आणि ही बया आधीच तिथे जाऊन उभी.

आण तो कागद इकडे — द्या हो, द्या, माफ करा. कुठे करायची सही? इथे? हं. झाली.

आता उठा तुम्ही. नाही, पाणी नको, काही नको. रडत नाहीये मी, चेनचं तेल गेलंय डोळ्यात. जा म्हटलं ना, मॅडम.