दिवाबत्तीची पावती

चहा घ्या, पण आधी आमच्या बौद्धवस्तीतला तो दिव्याचा खांब बघा. तो मी आणलाय.

बहात्तरचा दुष्काळ सरला तेव्हाची गोष्ट. वीस वर्षं मी दर हंगामाला दौंडकडच्या एका गुऱ्हाळावर राबायला जात होते. अक्षरंही तिथंच शिकले, गुळाच्या ढेपांवरच्या चिठ्ठ्या वाचून. त्या साली घरपट्टीची पावती पहिल्यांदा स्वतः वाचली. त्यात लिहिलं होतं, 'दिवाबत्ती कर'. एवढी वर्षं भरत होते, आणि वस्तीत एक दिवा नाही! गावचा एकुलता एक खांब सरपंचांच्या दारात.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला आम्ही सातजणी सुपं घेऊन त्याच खांबाखाली बसलो आणि ज्वारी पाखडायला लागलो. कोंडा थेट ओसरीवर जेवायला बसलेल्या सरपंचांच्या ताटात.

"अगं पारू, हितं काय मांडलंय?"

"आबा, दिवाबत्तीचं पैसं आम्ही भरतो. बत्ती तुमच्या दारात हाय, म्हनून हितं आलो."

"तुला कुनी शिकवलं हे?"

"पावतीनं. मला वाचता येतंय आता."

आठवडाभर पाखडलं. महिन्याच्या आत वस्तीत खांब उभा राहिला. दिवा लागला तेव्हा सरपंच स्वतः आले.

"झालं का मनासारखं?"

मी पावती उजेडात धरली. "झालं की, आबा. आता खालचं बारीक अक्षर बी दिसतंय. पाणीपट्टी लिव्हलीया. नळ तुमच्याच अंगनात हाय न्हवं? उद्या घागरी घिऊन येतो आम्ही."