नसीमाचं फरसान

युनूसभाई, आणि सौदीतल्या या जीझानमधल्या माझ्या सगळ्या माणसांनो,

या इस्तिराह्यात, या भाड्याच्या हॉलमध्ये, आपण ईद केली, कोजागिरी केली, मुलांचे वाढदिवस केले. इथे कुणी कुणाला बोलू देत नाही इतका गलका असतो. आज एवढी माणसं असून एसीचा आवाज ऐकू येतोय. मला म्हणाले, वहिनी, तुम्ही बोला, तुम्ही तिच्या शाळेतल्या. म्हणून उभी राहिले. पण आधीच सांगते, मला दुःख आहे तशी लाजही वाटते आहे. खरं सांगू? लाजच जास्त आहे. ती बाजूला ठेवून नसीमाबद्दल चार चांगले शब्द बोलणं मला जमणार नाही.

जे नवीन आलेत त्यांच्यासाठी सांगते. डॉक्टर नसीमा फरसान बेटावरच्या सरकारी हॉस्पिटलात बाळंतपणं करायची. गेल्या आठवड्यात दुपारी ओपीडी संपवून घरी आली, जरा पडते म्हणाली, आणि गेली. हार्ट. युनूसभाईंनी दापोलीहून फोनवर संमती दिली आणि बेटावरच तिचं दफन झालं. वारा होता, बोटी बंद होत्या. आपल्यातलं कुणी पोचलं नाही.

हे तिचे भाऊ, युनूसभाई. ते आल्यावर मी आणि आमचे हे त्यांना घेऊन बेटावर गेलो. परतीच्या बोटीवर ते कठड्याला टेकून उभे होते. मग म्हणाले, "ताई, खरं सांगा. माझी बहीण तिथे एकटी होती का? घरी गेल्यावर अम्मा हेच विचारणार."

बोटीवर मी उत्तर दिलं नाही. युनूसभाई, ते उत्तर मला या सगळ्यांच्या देखत द्यायचं आहे, कारण ते एकट्या माझं नाही.

नसीमाला आपण काय म्हणायचो? आठवा. 'बिचारी'. बिचारीला बेटावर टाकलं. बिचारीला वास्ता नाही, नाहीतर ओळखीनं कुणीही बदली करून घेतं. लग्न नाही, मूल नाही, आणि वर समुद्राच्या मधोमध. खमीस मुशैतला जागा निघाली होती, थंड हवा, मोठं हॉस्पिटल. तिने नाही म्हटलं. तेव्हा आपण म्हणालो, बिचारीला कळत नाही.

मी तिला फोन केला की सुरुवात ठरलेली. "कशी राहतेस गं तिथे?" ती हसायची. "मजेत. तू ये ना बघायला." दर वसंतात तिचा फोन यायचा, "अगं, हरीद आलाय!" हरीद म्हणजे पोपटाच्या चोचीसारखं तोंड असलेला मासा. प्रवाळ कुरतडून खातो. वर्षातून एकदाच त्याचे थवेच्या थवे बेटाच्या उथळ पाण्यात येतात, आणि सगळं गाव जाळी घेऊन किनाऱ्यावर. पकडलेला मासा शेजाऱ्यांना वाटतात, नव्या नवरीच्या घरी पाठवतात. ती म्हणायची, "आपल्या खाडीला उधाण आलं की कसं व्हायचं, तसं होतं बघ." आणि मी म्हणायचे, मुलांच्या परीक्षा आहेत गं. मुलं अमेरिकेत गेली तरी मी हेच म्हणत होते.

रत्नागिरीच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका बाकावर होतो. मी गावातली, पायी येणारी. ती खाडीपलीकडची. रोज तरीतून यायची. फ्रॉकची कड ओली, पिनाफोरला खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग. सिस्टर रागावायच्या, तर म्हणायची, "सिस्टर, आज पाणी वर होतं." जणू पाण्याला विचारा. आपल्यासाठी बोट म्हणजे वनवास. तिच्यासाठी ती शाळेची वाट होती. हे मला तरी कळायला हवं होतं की नाही?

एकदा आपण गेलो होतो. मंडळाची पिकनिक. आठवतेय? तासाभराची बोट, तिकीटही नाही. उतरल्या उतरल्या आपण काय विचारलं? एसी कुठे आहे. ती बिचारी, बघा, पुन्हा तोंडात आलंच. ती आपल्याला मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या जुन्या घरात घेऊन गेली. भिंतींवर चुन्यासारखं पांढरं कोरीवकाम, वेली, चांदण्या. कुणीतरी म्हणालं, "छान आहे, पण पडकं आहे हो." तिने माझा हात धरून भिंतीवर ठेवला. म्हणाली, "हा दगड नाही. प्रवाळ आहे. हे जिवंत होतं. अख्खं बेटच असं आहे, समुद्राच्या तळाशी वाढलं आणि जमिनीने खालून वर उचललं. नदी नाही, डोंगर नाही, गोडं पाणी थोडं. तरी माणसं राहिली. रोमन सैनिक इथे राहून गेले, दगडावर अक्षरं कोरून गेले. तुर्कांनी किल्ला बांधला. ते सगळे गेले. माणसं आहेत."

आणि मग मोत्यांचं. तिथले पुरुष उन्हाळाभर बुड्या मारायचे, आणि तिथले व्यापारी मोती घेऊन मुंबईला जायचे. येताना रंगीत काचा, लाकूड, कापड आणायचे. ती मला म्हणाली, "तुझ्या सासूबाईंच्या नथीतला मोती कुठला?" मी म्हटलं, बसऱ्याचा. "आपल्याकडे सगळेच मोती बसऱ्याचे," ती म्हणाली. "बुडी कुणी मारली ते कोण विचारतंय? आपल्याला वाटतं आपणच पहिल्यांदा पोटासाठी इकडे आलो. त्याआधी हे लोक आपल्या दारात येऊन गेलेत." पुढे कारखान्यातले मोती आले, तेल निघालं, आणि बुड्या थांबल्या.

मी ऐकत होते का? मी घड्याळ बघत होते. तिच्या शेजारणीकडे आपल्या सगळ्यांचं जेवण होतं. आपण दुपारच्या बोटीने परत आलो. जेवण तसंच राहिलं. नसीमा एका शब्दाने बोलली नाही.

आता परवाचं सांगते.

बोट लागली तेव्हा धक्क्यावर माणसं उभी होती. आम्ही कुणाला कळवलं नव्हतं. पुरुष युनूसभाईंना कबरस्तानात घेऊन गेले. मला एका घरात नेलं, त्याच शेजारणीच्या. उम्म सालिम तिचं नाव. सत्तरी ओलांडलेली, मेंदीने लाल केस. खोली बायकांनी भरलेली. मी दाराशी बसायला गेले तर तिने मला उठवलं आणि मधे बसवलं, जिथे घरची माणसं बसतात तिथे. आणि एकेक बाई येऊन माझा हात धरून माझंच सांत्वन करू लागली. माझं! का, तर मी तिच्या भाषेची. तिच्या शाळेतली. त्यांच्या हिशेबाने मी बहीण.

मी नाही म्हणू शकले नाही. तुम्हाला सांगते, आयुष्यात मला कुणी एवढा मान दिला नाही आणि कुठल्याच मानाने मी एवढी खजील झाले नाही.

मग उम्म सालिमने विचारलं. हॉस्पिटलातली एक नर्स हिंदीत सांगत होती. "तू तिची बहीण. तर सांग, आमची डॉक्टर बाळंतपणात 'हिलू, हिलू' का म्हणायची?"

हिलू म्हणजे अरबीत गोड. छान. मला काही कळेना. बायका हसायला लागल्या. एक जण म्हणाली, "मी कळांनी ओरडतेय आणि ही म्हणतेय, गोड, गोड! मी म्हटलं, डॉक्टर, तुला काय गोड लागतंय? इकडे येऊन झोप!" दुसरी म्हणाली, "माझ्या चौथ्याच्या वेळी मीच आधी ओरडले, हिलू! म्हणजे ती नको म्हणायला." डोळ्यांत पाणी आणि सगळ्या हसतायत. आता बेटावर कुणीही बाळंतीण असली की इतर बायका तिला तेच म्हणतात.

आणि मग मला कळलं.

हळू. नसीमाच्या घरच्या बोलीत ळ नाही, तिकडे हळूचं हलू होतं. 'हलू गो बाय, हलू.' त्या बायकांच्या कानांनी त्याचंच हिलू केलं. शाळेत आम्ही तिला यावरून किती चिडवलं. ती मोठी होऊन आमच्यासारखं बोलायला शिकली. आपल्यात आली की ळ अगदी स्वच्छ. पण तिथे, त्या खोलीत, बाई अडली की तिच्या तोंडात तिची आई यायची.

मी अर्थ सांगितला. सावकाश, असा. उम्म सालिम म्हणाली, "असेल. तुमच्यात असेल. आम्हाला मात्र ती गोडच म्हणाली."

निघण्याआधी त्यांनी वाढलेला ताटातला मासा मी संपवून आले. या वेळी घड्याळ बघितलं नाही. पण या वेळी ती नव्हती.

युनूसभाई, आता तुमचं उत्तर.

नाही. तुमची बहीण एकटी नव्हती. तिच्या दारात संध्याकाळी चपलांचा ढीग असायचा, ते तुम्हाला पुरुषांनी सांगितलंच असेल. खमीसला ती गेली नाही, कारण तिला कळत होतं. एकटी ती फक्त आमच्यात यायची तेव्हा होती. या हॉलमध्ये, या खुर्च्यांवर, आम्ही तिला ताट वाढून द्यायचो आणि कीव करायचो तेव्हा. हे अम्माला सांगू नका. हे तुमच्यापुरतं. अम्माला एवढंच सांगा की तिच्या लेकीने बेटावर घरचीच बोली ठेवली होती, आणि ती तिथल्या बायकांच्या तोंडात राहिली आहे.

आणि आपण सगळ्यांनी... मला माफ करा, मी शिकवत नाहीये. मलाच विचारतेय. इतकी वर्षं इथे राहून, फरसान इथून कुठल्या दिशेला आहे हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? मला परवापर्यंत नव्हतं.

त्या बाजूला आहे. तो पडदा आहे ना, त्याच्या पलीकडे रस्ता, मग समुद्र, मग ती.

कुणीतरी एसी बंद करा. उठूया. तिकडे तोंड करून जरा वेळ उभे राहूया. कुणी काही बोलू नका.