आधी गंगा, मग लंका

वसुमती : अजून सांगितलं नाहीत? भावजी, अम्मांनी ट्रंकेला कुलूपसुद्धा लावलं!

गुंडो : हळू बोला, वैनी. अम्मा देवघरात आहे.

वसुमती : हळू काय बोलू? हे स्टेशनला जायला जटका आणायला गेलेत. ते यायच्या आत तुम्ही बोला, नाहीतर मी बोलते.

गुंडो : काय बोलू? ‘अम्मा, रामेश्वर नुसतं नावाला. मी तिथून पुढं आगबोटीत बसून कोलंबोला चाललोय, फुटबॉल बघायला’, असं?

वसुमती : असंच. खोटं बोलताना जीभ नाही अडखळली!

गुंडो : खोटं स्वल्पच होतं हो. अण्णानं विचारलं, कुठं चाललास? मी म्हणालो, रामेश्वरला. देवाला जातो म्हटल्यावर ह्या घरात कोण आडवं येणार? मला काय माहीत, अम्मा म्हणेल, थांब, मीही येते!

वसुमती : दुसरं काय म्हणणार त्या? मामंजी काशीहून गंगा घेऊन आले आणि ती रामेश्वराला घालायच्या आतच गेले. तेव्हापासून तो तांब्या देवघरात तसाच बसलाय. त्याची पूजा करत बारा वर्षं काढली त्यांनी. तुम्ही रामेश्वरचं नाव काढलंत, आणि त्या किती दिवसांनी हसल्या, बघितलंत ना?

गुंडो : बघितलं. म्हणूनच तोंड उघडत नाही माझं.

वसुमती : मग कोलंबो सोडा.

गुंडो : वैनी, चार देशांचे संघ येतायत. आपले सगळे अनवाणी खेळणार. त्यातली दोन पोरं आपल्या दंडूतली, छावणीतली, अलसूरच्या मैदानात चिखलात पडून उठताना मी बघितलेली. विलायत माझ्या नशिबात नाही. लंका तेवढी हाताशी आहे. ह्या वेळी राहिलो तर राहिलोच.

वसुमती : आणि माझी अहल्या? भीमाचार्यांच्या घरी तिचं ठरत आलंय. समुद्र ओलांडलेल्या माणसाला ते पंक्तीला घेत नाहीत. मुलीचा काका लंकेला जाऊन आला एवढं कळायचा अवकाश, नारळ परत येईल.

गुंडो : कळेल कसं? सांगणार कोण?

वसुमती : म्हातारी आई रामेश्वरात एकटी सोडून तुम्ही गेलात, तर गाव सांगेल!

अम्मा : (देवघरातून बाहेर येत) गुंडो, ये रे. हा तांब्या तू धर. दोन्ही हातांनी. माझे हात कापतात आता.

गुंडो : अम्मा, तू नको येऊस.

अम्मा : का रे?

गुंडो : लांबचा प्रवास. त्रिचीला गाडी बदलायची, पुन्हा पांबनला बदलायची.

अम्मा : बदलू की.

गुंडो : तिथं ऊन फार.

अम्मा : मग इथं काय बर्फ पडतोय?

वसुमती : भावजी!

गुंडो : सांगतो, वैनी. अम्मा, बस. तांब्या खाली ठेवतो जरा.

अम्मा : खाली नको! गंगा आहे ती. पाटावर ठेव.

गुंडो : मी खोटं बोललो, अम्मा. रामेश्वरला जायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. मी कोलंबोला निघालो होतो. फुटबॉलसाठी. पण आता नाही जात. तुला रामेश्वरला नेतो, गंगा घालतो आणि तुझ्याबरोबर परत येतो. तुझ्या पायाशप्पथ.

अम्मा : डावा दंड दाखव.

गुंडो : काय?

अम्मा : बाही वर कर. सूज उतरली वाटतं. रामेश्वराला जायला कुणी सुई टोचून घेतं का रे? शेजारच्या सकवारबाईचा जावई लंकेत चहाच्या मळ्यावर कामाला निघाला, तेव्हा त्याचाही दंड असाच सुजला होता. सुई टोचल्याशिवाय लंकेच्या आगबोटीवर चढू देत नाहीत, हे तिनं मला तेव्हाच सांगितलंय.

वसुमती : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!

अम्मा : हा उजव्या कुशीवरून हलेना, तेव्हापासून.

गुंडो : आणि तरी ट्रंक भरलीस?

अम्मा : म्हणून तर भरली. एकादशीला दंडूतल्या हॉटेलात जाऊन उप्पिट्टू खाणारा तू! तू एकटाच देवाला निघालास हे तुझ्या अण्णाला पटलं असतं? आई बरोबर असली की कुणी काही विचारत नाही.

गुंडो : तुला राग नाही आला?

अम्मा : आला की. देवाचं नाव घेऊन फसवतोस, म्हणून फार आला. दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही, ते तुला कळलंसुद्धा नाही. मग पूजेला बसले आणि ह्या तांब्याकडं बघत राहिले. ‘पुढच्या वर्षी जाऊ’, ‘पुढच्या वर्षी जाऊ’ म्हणत गेले रे ते. म्हटलं, आणखी एक तांब्या नको ह्या घरात.

वसुमती : अम्मा, पण माझ्या मुलीचं...

(बाहेर घोड्याच्या टापा, जटका थांबल्याचा आवाज.)

गुंडो : अण्णा आला!

वसुमती : मी बघते. ... अम्मा, हे ओट्यावरूनच विचारतायत. भावजींच्या कोटातलं तिकीट म्हणे त्यांनी सकाळीच बघितलंय. रामेश्वरला जायचं, तर तिकीट धनुष्कोडीचं कशाला? चेहरा बरा नाही त्यांचा.

गुंडो : मेलो. मी जाऊन सांगून टाकतो सगळं.

अम्मा : तू तांब्या उचल, आणि गप्प उभा राहा. नरसू! ए नरसू! धनुष्कोडीचं आहे तर काय झालं? सेतुस्नान कुठं करतात मग, आपल्या चामराजपेटेत? रोज पंचांग वाचतोस आणि एवढं ठाऊक नाही! ट्रंक उचल आधी, गाडी चुकेल!

वसुमती : उचलली. जटक्यात ठेवतायत.

अम्मा : मी खोटं बोलले का?

गुंडो : नाही. अजिबात नाही.

अम्मा : मग नीट ऐक. समुद्र ओलांडलेल्या हातानं गंगा घालता येत नाही. म्हणून आधी रामेश्वर, आधी गंगा. मग तू सूट. मी छत्रात, धर्मशाळेत राहीन, तिथं आपल्यातल्या चार बायका असतातच. येताना तुझी आगबोट धनुष्कोडीलाच लागते ना?

गुंडो : होय.

अम्मा : सेतूही तिथंच. दोष लागतो तिथंच धुवायची सोय रामानं करून ठेवलीय. उतरलास की सरळ पाण्यात जायचं, अंगावरच्या कपड्यांसकट. वसुमती, भीमाचार्यांनी विचारलं तर सांग, सेतुस्नान करून आलाय.

वसुमती : एवढ्यानं भागतं, अम्मा?

अम्मा : सेतू ब्रह्महत्या धुतो म्हणतात. फुटबॉल धुणार नाही?

वसुमती : सरी, बरं. मी काही ऐकलं नाही. चुलीवर दूध होतं, मी आत होते. पण भावजी, त्या पाण्यात एक बुडी माझ्या अहल्येच्या नावानं जास्त मारा.

गुंडो : मारतो, वैनी. अम्मा, थांब, पाया पडू दे.

अम्मा : हातात गंगा घेऊन वाकू नकोस. लहानपणापासून ताटावर बसलास की मॅच सांगतोस मला. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. तुझा घास हातातच राहतो, तेवढा बघत बसते मी. चल, नरसू हाका मारतोय.

गुंडो : अम्मा, तू एकटी राहशील ना नीट?

अम्मा : राहीन. आगबोट यायच्या दिवशी मी धनुष्कोडीला काठावर उभी असेन. स्नान होईपर्यंत मला शिवायचं नाही.

गुंडो : नाही शिवणार.

अम्मा : पण बोलायला विटाळ नसतो. पाण्यातूनच ओरडून सांग, आपली पोरं जिंकली का.