कपाटातली पाळत

लसीच्या रांगेत शिंपीणबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मागच्या बाकावर एक तरुण जोडपं पोराला घेऊन कुजबुजत होतं, आणि कुजबुज कानात ओवून घ्यायची बाईंना सवयच होती.

"दिवसभर कपाटात बसलास, पाहिलंस काय?"

"काही नाही. पोरगं रडलं, सांभाळणाऱ्या मावशींनी उचललं. पुन्हा रडलं, पुन्हा उचललं. अकरा वेळा."

"काही चाटवलं? कानात पुटपुटल्या?"

"'आले रे सोन्या, आले.' एवढंच."

"आणि एवढ्यावर तो त्यांना चिकटतो? मी घरी आले की तोंड फिरवतो. अरे, आई आहे मी त्याची! त्या नक्की काहीतरी लपवतायत."

"लपलो तर मी होतो."

"पुढे?"

"पायात गोळा आला. मी कळवळलो, तशा त्या धावत आल्या. दार उघडलं, 'आले रे सोन्या' म्हणाल्या, पाठीवरून हात फिरवला."

"दचकल्या नाहीत?"

"नंतर दचकल्या. कोण रडतंय ते बघायच्या आधीच हात पुढे आला होता."

"मग तू काय केलंस?"

"गप्प झालो."

बाईंनी नातीला उगाच दुसऱ्या मांडीवर घेतलं. मागून पोराच्या आईचा आवाज आला.

"उद्या कपाटात मी बसते."