चार मिनिटं दहा सेकंद

(भडगावजवळच्या शेतात, घराशेजारची केळी पिकवायची जुनी खोली. गार करायचं मशीन केव्हाच बंद पडलेलं. जाड भिंतींच्या आत ड्रम, दोन अॅम्प्लिफायर, टेबलावर लॅपटॉप. दुपारचे साडेतीन.)

शेहजाद : नको ना यार नवल. हे सोडून दुसरं कोणतंही गाणं पाठव.

नवल : दुसरं आहे कुठं? पाच वाजेच्या आत पुण्याला पाठवायचंय. सात वर्षं झाली 'कडबाकुट्टी' बँड काढून, आणि धड रेकॉर्ड झालेलं गाणं एकच, 'वखर'.

शेहजाद : मग परत वाजवू. हितेंद्रला बोलव पुण्याहून, त्याचा बेस...

नवल : बेस विकून टाकला त्यानं. कंपनीत लागलाय, शर्ट इन करून फिरतो. परवा फोनवर म्हणाला, काळे टी-शर्ट त्याच्या आईनं पुसायला काढले.

शेहजाद : मग नकोच पाठवू. फेस्टिवलवाले सहा बँड घेणार. त्यात भडगावच्या पोरांना कोण विचारतं?

नवल : हे तू बोलतोयस? पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा कोण म्हणालं होतं, पुढच्या वेळी आपण वर आणि पब्लिक खाली?

शेहजाद : तेव्हा अक्कल नव्हती.

नवल : स्टेजपुढच्या त्या रेटारेटीत तुझी एक चप्पल गेली. एका चपलेवर एसटीत बसून आलास.

शेहजाद : आणि मुंडकं हलवून हलवून तीन दिवस मान वळेना. तुझे आबा काय म्हणाले होते, "मी तर जू ठेवलं नव्हतं रे तुमच्या मानेवर."

नवल : हसलास. अकरा महिन्यांत पहिल्यांदा आबांचं नाव निघालं आणि तू हसलास.

शेहजाद : चल, मी निघतो. दुकानात दोन कूलर उघडे पडलेत. अब्बा ओरडतील.

नवल : नाही ओरडणार. सत्तारचाचांना सांगितलंय मी, पाच वाजेपर्यंत शेहजाद माझ्याकडं आहे म्हणून. बस. हे हेडफोन घाल.

शेहजाद : ऐकलंय मी ते.

नवल : कधी? त्या दिवसानंतर एकदाही नाही ऐकलंस तू. रविवारी पहूरहून रतिलाल यायचा, वना यायचा. पूर्ण अल्बम लावून तासभर कोणी तोंड उघडायचं नाही आणि मग दोन तास भांडायचं. ते पण बंद केलंस. या खोलीत पाय टाकायला तुला मी आज हात धरून आणलं.

शेहजाद : गरम होतं इथं.

नवल : सात वर्षं झालं नाही गरम? घाल हेडफोन. मी पण दुसरा घालतो. सुरुवातीपासून नाही लावत. चार मिनिटांपासून ऐक.

शेहजाद : नवल...

नवल : ऐक. माझं गुरगुरणं संपतं, तुझा डबल पेडल सुरू होतो... हे बघ, मशीनसारखा चाललाय. आणि आता. इथं. चार मिनिटं दहा सेकंद.

शेहजाद : काय इथं?

नवल : परत लावतो. डावा हात. ऐकलास? एक ठोका उशिरा आला. पुढचा घाईत पडला. मग सांभाळलंस.

शेहजाद : होतं असं. माणूस आहे. कॉम्प्युटरवर सरळ करून टाक तो ठोका, सगळेच करतात.

नवल : तू नाही चुकत शेहजाद. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी एकशे दोन ताप होता, तरी नाही चुकलास. इथं काय झालं?

शेहजाद : घाम आला असेल. काडी निसटली.

नवल : काडी निसटली की आवाज वेगळा येतो. काय दिसलं तुला?

शेहजाद : काय दिसणार?

नवल : माझी पाठ दाराकडं होती. हितेंद्रची पण. दाराकडं तोंड करून बसणारा तू एकटा. आणि दारावर आबांनी लावलेला लाल दिवा.

शेहजाद : चालू दे तुझी पोलीसगिरी. मी चाललो.

नवल : दाराला हात नको लावू! बस खाली. दार कुटून कुटून आबांचा हात दुखायचा, आत आपल्याला काही ऐकू यायचं नाही. फोन आपण बंद ठेवायचो, स्पीकरमध्ये घरघर येते म्हणून. शेवटी त्यांनी स्वतः वायर ओढली, बाहेर बेलचं बटण बसवलं. बटण दाबलं की आत दिवा लागणार. चार-दहाला दिवा लागला होता का, एवढंच सांग.

शेहजाद : ते गाणं बंद कर आधी.

नवल : आबांची शपथ आहे तुला.

शेहजाद : लागला होता.

नवल : किती वेळा?

शेहजाद : नको विचारू.

नवल : किती वेळा, शेहजाद?

शेहजाद : दोनदा लुकलुकला. मग लागूनच राहिला. बटण दाबूनच धरलं होतं त्यांनी. मला वाटलं, चिडलेत. मोटार सुरू करायची असेल, लाईट आली असेल. आधीचे दोन टेक असेच गेले होते ना? एकदा विळा कुठं ठेवला विचारायला आले, एकदा कोणाचा तरी नंबर हवा होता. आणि तिसरा टेक असा लागला होता नवल... पोरगं पहिल्यांदा चालतं तेव्हा हात लावायला भीती वाटते ना, तसं झालं मला. म्हटलं, अडीच मिनिटं राहिलीत. संपवू आणि जाऊ. शिव्या खाऊ.

नवल : मग?

शेहजाद : मग विझला.

नवल : कधी?

शेहजाद : तुझा गिटारचा सोलो सुरू व्हायच्या आत. आणि तुला सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, गेले आबा. सुटलो. तौबा... मला बरं वाटलं रे.

नवल : पुढं सांग.

शेहजाद : सहा मिनिटं पन्नास सेकंदाला गाणं संपलं. तू ओरडलास, "झालं रे झालं!" हितेंद्रनं मला उचललं. आणि तू दाराची आतली कडी काढली.

नवल : दार उघडेना.

शेहजाद : मी म्हटलं, जाम झालं असेल.

नवल : शिव्या दिल्या मी दाराला. तू खांद्यानं धक्का मारलास. जोरात. ते बाहेर टेकून बसले होते. तुझ्या धक्क्यानं... आपल्या धक्क्यानं ते आडवे पडले.

शेहजाद : मार मला. उठ ना, मार. त्यांना खांदा दिला मी, तुमच्या दारात तेरा दिवस बसलो, तुझ्या आईनं, अक्कांनी मला जेवायला वाढलं आणि मी जेवलो. रोज ठरवायचो, आज सांगतो. मग तू म्हणायचा, "डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, जागच्या जागी गेले, त्रास झाला नाही." मग माझी जीभ उचलायची नाही.

नवल : मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

शेहजाद : काय?

नवल : रोज ऐकतो मी हे. आबांचा शेवटचा दिवस एवढाच उरलाय माझ्याकडं, म्हणून ऐकत होतो. चार-दहाला तू अडखळतोस. आठव्या की नवव्या दिवशी डोक्यात आलं, हा का अडखळला? दाराकडं बघितलं आणि कळलं.

शेहजाद : आणि दहा महिने बोलला नाहीस?

नवल : कसं बोलणार? नियम कोणाचा होता?

शेहजाद : तो काय नियम होता यार, गंमत होती.

नवल : गंमत नव्हती. दुसरा टेक मोडला तेव्हा मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. सांग.

शेहजाद : जाऊ दे.

नवल : "आता आबांनी दिवा लावला तरी कोणी बघितला नाही. थांबेल त्यानं बँड सोडायचा." असं म्हणालो मी. तुला विचारलं असतं तर तू हे बोलून दाखवलं असतंस. म्हणून गप्प बसलो. तुझ्यावर राग धरणं सोपं होतं. मनातल्या मनात शिव्या देत होतो तुला आणि वर चहा पीत होतो तुझ्यासोबत.

शेहजाद : मी बोलून दाखवलं नसतं.

नवल : माहीत आहे. त्याचाच जास्त त्रास होतो.

शेहजाद : मग आज का काढलंस?

नवल : मायसाठी. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. परवा त्याचं बोलायला सुलक्षणाकाकू आली होती. चार बायांसमोर म्हणाली, नवरा इकडं जीव सोडत होता आणि ही मुक्ताईनगरला मुक्ताईच्या पायाशी बसली होती.

शेहजाद : असं तोंडावर?

नवल : आणि माय काय म्हणाली? "खरं शे." एवढंच. अकरा महिन्यांत ती भडगावच्या बाहेर गेली नाही. मेघाचं पहिलं बाळंतपण, माहेरी करायचं ना? तिनं लेकीला आणलंच नाही. धुळ्याला सासूनं केलं सगळं. म्हणते, माझ्या हातानं कोणाचं भलं व्हायचं नाही, मी घरी असते तर त्यांची हाक तरी ऐकली असती.

शेहजाद : या अल्ला.

नवल : त्यांची हाक ऐकायला कोणी नव्हतं असं समजते ती. आणि आपण तिघं धडधाकट पोरं इथं आत होतो, दोन मोटारसायकली बाहेर उभ्या होत्या. दवाखाना दहा मिनिटांवर. आपलं ओझं ती वाहतेय, शेहजाद. मला नाही बघवत.

शेहजाद : सांगायचं म्हणतोस? मरेल ती. जागच्या जागी गेले, या एका शब्दावर झोपते ती. तो पण काढून घेणार?

नवल : झोपत नाही. रात्रभर कूस बदलते, मला ऐकू येतं.

शेहजाद : पोराचं तोंड बघणार नाही ती तुझं.

नवल : नको बघू दे.

शेहजाद : मग माझं एकट्याचं नाव घे. दिवा मी बघितला. तुझ्या नियमाचं तिला काय करायचंय? तुझ्याशिवाय आहे कोण तिला? मी काय, उद्यापासून नाही आलो तरी चालेल.

नवल : आणि ती मला जवळ घेऊन तुला शिव्या देईल. ते मी ऐकत बसू?

शेहजाद : मग ते पुण्याचं? गाणं?

नवल : पाठवायचं नव्हतंच. तुला इथं बसवायला काहीतरी कारण हवं होतं. पुसून टाकणार होतो आज. पण हात होत नाही.

शेहजाद : नको पुसू. नको ऐकू पण. दे माझ्याकडं.

प्रमिलाबाई (नवलची माय, चहा घेऊन दारात) : काय रे भो, कसाना एवढा इचार चालना? शेहजाद, तू कवय उना? घरमा आवाज बी दिन्हा नही.

शेहजाद : आत्ताच आलो, अक्का.

प्रमिलाबाई : आठे बसाले लागनात परत? बरं करं. वाजाडा. तुमना आबाले चिड ये, पन मंग माले सांगेत, पोऱ्या मेहनत भलती करतस. ल्या, चा लयनू दोन्हीसले. गरम शे तोवर पी ल्या.

शेहजाद : अक्का, मी... नवल, आज नको रे.

प्रमिलाबाई : काय आज नको? आनि डोया का बरं लाल शेतस तुना? आबानी याद उनी का? ऱ्हाऊ दे बेटा. मीच घर नव्हतू, तुमना काय दोस?

नवल : माय, चा तठेच ठेव. तू बठ जराशी आठे.