झटक्याची तार

न्हाई न्हाई, ऋतुजाताई — ते हातातलं यंत्र माझ्या घराकडं काहून धरलं तुमी? इथं काय घावणार? रेडिओची दुर्बीण तुमची तिकडं माळावर, तारांच्या त्या दोनशे छत्र्या तिकडं, मी राखण करती ती बी तिकडंच — अन् यंत्रातली टिक्-टिक् धुंडता माझ्या दारात? माझा मोबाईल तर रोज फाटकावर पत्र्याच्या डब्यात टाकती. सायबानीच सांगितलंय ना, आभाळाचा आवाज लई बारीक, हिकडं कायबी वाजलं की सगळी मेहनत मातीत. त्या सुंदररावाच्या भुईमुगात बघा की — डुकरांसाठी झटक्याची तार लावलीय त्यानं, सेकंदाला एक झटका — काय? काढली? कवा? परवाच? बरं... मंग आसंल दुसऱ्या कुणाची. चहा टाकू का? ऊन लई हाय, आत या — अवो तिकडून नका, तिकडं तार —

हां. हाय माझी. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतंय. डुकरं कुठली ओ, ह्या चार हात अंगणात डुकरं काय खाणार? ते बाजेवर बसलेत ना, आमचे मालक — त्यांच्यासाठी हाय. दोन वर्षं झाली, इसरायला लागले. आधी रस्ता, मंग घर, मंग मी. दोनदा हायवेवरून आणलं, तिसऱ्यांदा गेवराईच्या स्टँडावर घावले. मी ड्युटीवर, पोरगी अंबाजोगाईला नांदती — बघणार कोण? कडी लावली तर दाराला डोकं आपटून घेत्यात. मंग लावली तार. आधी सोता हात लावून बघितला मी — खांद्यापतूर कळ गेली, पर माणूस मरत न्हाई. त्यांना एकदाच लागला, देवाशप्पथ... न्हाई, तीनदा.

उद्या दुर्बीण चालू हुणार, ठावं हाय मला. तार चालू ठिवली तर दुर्बीण बहिरी, अन् माझी नोकरी जाती. बंद केली तर मालक जात्यात. काय जाऊ देऊ? सांगा ना, शिकलेल्या हाव तुमी — त्या खटक्याकडं कुठं निघाला?

सरा, मीच करती बंद. हे बघा, पाडला खटका. ऐका यंत्रात — थांबली ना?

अगं बाई, उठले मालक. न्हाई, थांबा, धरू नका त्यांना. बघा — तार मेलीय, तरी हातभर लांबच उभारलेत. दोन्ही हात पाठीमागं घेऊन. माझं नाव इसरले ओ ताई, तार न्हाई इसरले.

तुमी जावा आता. जावा म्हणलं ना.